रिकामी फेरी

मंगळवार, दुपारचे सव्वादोन
डेपो, विश्रांतीची खोली

प्रिय बारक्या,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. तीन दिवसांत एकवीस वेळा लावला. बाविसाव्या वेळी तुझ्या बायकोनं, आपल्या मास्तरणीनं, उचलला आणि म्हणाली, ताई, तो फोन उशीखाली दाबून ठेवतो, आता वाजवू नका. म्हणून पत्र. पत्र वाजत नाही. चारला तिची शाळा सुटते, डेपोवरून जाताना ती हे घेऊन जाईल आणि तुझ्या खोलीच्या दाराखालून आत सरकवेल. उठायचीही गरज नाही, हात लांब केलास तरी पुरे. पण शेवटपर्यंत वाच. लहानपणी माझ्या वह्या चोरून वाचायचास तेव्हा एक ओळ सोडत नव्हतास मेल्या, आता तर मी आपण होऊन देतेय.

मला काय हवंय ते आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी गाडी भलत्याच रस्त्याला लागते. येत्या शुक्रवारी सकाळी तू मला सरकारी इस्पितळात हवा आहेस. दुसरा मजला, खोली नंबर सत्तावीस, बाहेरचा बाक. लगेच पत्र भिरकावू नकोस. रविवारी मी तुझ्या दाराबाहेर दीड तास बसले होते आणि तू आत कूससुद्धा बदलली नाहीस, तेव्हा एवढं वाचणं तुला भाग आहे.

मास्तरणीनं मला सगळं सांगितलंय, तिच्यावर डाफरू नकोस. चार महिने तू कामाला गेलेला नाहीस. दाढी नाही, आठ-आठ दिवस आंघोळ नाही, ताट जसंच्या तसं परत. जन्मभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासून देणारा माणूस स्वतःचा चष्मा कपाटावर टाकून भिंतीकडे तोंड करून पडतो, आणि तिनं तो आणून दिला तर म्हणतो, बघायचंय काय. इथपर्यंत मी गिळलं असतं. पण गेल्या महिन्यात तू तिला म्हणालास की मी नसलो तरी लोकांना दिसायचं ते दिसतंच. ते वाक्य तिनं मला सांगितलं तेव्हा मी शेवटच्या थांब्यावर गाडी लावून बसले होते. कंडक्टरनं डबल बेल दिली तरी माझा पाय क्लचवर जाईना. बारक्या, मला तुझ्या त्या वाक्याची भयंकर भीती वाटते. हे आडून आडून सांगायला मला जमणार नाही.

बेलवरून आठवलं, तुला ती खाट आठवते का? आई कामावर गेली की आपण तिची बस करायचो. मी उशीवर बसून ताटाचं स्टिअरिंग फिरवायचे आणि तू पायथ्याशी डबा-चमचा घेऊन कंडक्टर. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल. तू इतका हट्टी की दोन ठोके पडल्याशिवाय मला हलू द्यायचा नाहीस. एकदा रुसून तू चमचाच लपवलास आणि मी अख्खी दुपार त्या खाटेवर स्टिअरिंग धरून बसले, आठवतंय? बरं, थांब जरा.

आले. काही नाही, उगाच बाहेर जाऊन बघून आले. हं, तर आमच्या कामात एक पद्धत आहे. नवा मार्ग मिळाला की पहिल्या दिवशी प्रवासी घ्यायचे नाहीत. रिकामी गाडी घेऊन अख्खा रस्ता फिरून यायचं. कुठे तार लोंबतेय, कुठलं वळण अंगावर येतं, कुठल्या गतिरोधकाचा रंग उडालाय, कुठे किती वाजता शाळा सुटते. याला आम्ही रिकामी फेरी म्हणतो. मास्तरीण म्हणाली की डॉक्टरचं नाव काढलं की तू म्हणतोस, कुठे जायचं, कुणापुढे उभं राहायचं, काय सांगायचं, या विचारानंच मी दमतो. अगदी खरं आहे. तिथे धडधाकट माणूस दमतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी ठरवलं की आधी आपण रिकामी फेरी मारून येऊ आणि मग बारक्याला बसवू. गेले चार आठवडे मी तेच करतेय.

सुरुवातच चुकली. डोकं म्हणजे मेंदू एवढीच आपली अक्कल, म्हणून मी मोठ्या पाटीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले. तिथे सगळे फिट आलेले, पाय लुळे पडलेले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, बाई, तुमचं दार हे नव्हे. मग आपल्या घरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. खरं तर पहिल्यांदा तिथेच जायला हवं होतं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि समजावलं की मानसोपचाराचा डॉक्टर तपासतो आणि औषध देतो, समुपदेशक औषध देत नाही, तो बोलून, बोलतं करून उपचार करतो, आणि बऱ्याच जणांना दोन्ही लागतात. मी मान डोलावली. आपण किती शहाणे असं वाटत होतं मला तेव्हा.

खासगी दवाखाना फरशांच्या दुकानावर आहे. जिना मागच्या बाजूनं, कुणी पाहू नये म्हणून असावा. फोन केला तर तीन आठवड्यांनंतरची वेळ देत होते. मी म्हटलं की घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे, भाऊ असं असं बोललाय, तेव्हा त्या बाईनं आवाज बदलला आणि तिसऱ्याच दिवशी बोलावलं. हे लक्षात ठेव, खरं सांगितलं तर लवकर वेळ मिळते. आत नावानं हाक मारत नाहीत, नंबरानं मारतात. डॉक्टर चांगला माणूस निघाला. त्यानं माझं ऐकून घेतलं, नातेवाईक एकटे आले म्हणून हाकललं नाही, पण म्हणाला, न पाहिलेल्या माणसाला मी गोळी देणार नाही, त्यांना घेऊन या. शेजारच्या खोलीत समुपदेशक बसतात, त्यांची वेळ वेगळी आणि फीही वेगळी. माझा पडलेला चेहरा पाहून तोच म्हणाला की दर आठवड्याला हे झेपणार नसेल तर सरकारी इस्पितळात मंगळवारी आणि शुक्रवारी हाच विभाग चालतो, डॉक्टर तितकेच शिकलेले असतात, गोळ्या तिथल्याच खिडकीवर फुकट मिळतात, फक्त बसायची तयारी ठेवा.

तर मी बसायची तयारी ठेवून शुक्रवारी गेले. केस पेपरची खिडकी आठला उघडते आणि अकराला बंद होते. माझ्या पुढे चाळीस माणसं. खिडकीशी पोचल्यावर मी काचेच्या भोकाला तोंड लावून कुजबुजले, मानसोपचार. आतला कारकून खेकसला, काय? मोठ्यानं बोला! मी परत कुजबुजले. तर तो अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, मानसोपचार ना? मग तसं सांगा की! मला वाटलं आता फरशी दुभंगेल तर बरं. पण बारक्या, कुणी मान वळवली नाही. फक्त मागच्या एका बाईनं मला विचारलं की तिथे आज गर्दी किती आहे, कारण तिलाही तिथेच जायचं होतं. मग कारकुनानं विचारलं, पेशंट कुठाय? मी म्हटलं, घरी. तो म्हणाला, पेशंट समोर नसेल तर पेपर निघत नाही. आता दीड तास रांगेत उभी राहून परत जाणारी मी नव्हे. मी म्हटलं, मीच पेशंट. आणि माझ्या नावाचा पेपर काढला.

तुला वाटेल ही काय आचरटपणा करते. पण रिकाम्या फेरीला गाडी कुणाची का असेना, रस्ता कळल्याशी मतलब. दुसऱ्या मजल्यावर त्वचेच्या विभागाला वळसा घातला की सत्तावीस नंबर. पंखा एकच, तो डावीकडच्या बाकावर लागतो, म्हणून डावीकडे बसायचं. आणि त्या डाव्या बाकावर कोण असेल? आमच्या डेपोतला ब्रेकवाला! माझ्या बसचे ब्रेक ज्याच्या हातात, तो माणूस तिथे पेपर मांडीवर ठेवून शेंगा सोलत बसलेला. मी घाईघाईनं म्हटलं की मी भावासाठी आलेय हो. तो शेंग पुढे करत म्हणाला, ताई, मीपण पहिल्यांदा भावासाठीच आलो होतो. चार वर्षं येतोय तो. डेपोत त्याच्याइतका शांत माणूस नाही, आणि आपण म्हणायचो याला कसलीच काळजी नाही. त्यानंच सांगितलं की गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, त्यानं एकदा केल्या होत्या आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं झालं.

आत डॉक्टरीणबाई होत्या, आपल्यापेक्षा वयानं लहान. मी बसले आणि तुझं सगळं माझं म्हणून सांगायला लागले. आंघोळ करवत नाही, जेवण जात नाही, भिंतीकडे बघत पडून असते. त्या लिहीत होत्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, आठ दिवस आंघोळ न केलेल्या बाईच्या गणवेशाला एवढी कडक इस्त्री नसते, हे ज्याचं कुणाचं असेल त्याचं आपण नंतर बोलू. पण तुम्ही आत आल्यापासून दोनदा उठून खिडकीतून खाली बघितलंत, तिथे काय आहे? मी म्हटलं, काही नाही, माझी स्कूटर आहे. त्या म्हणाल्या, तिचं काय? आणि बारक्या, काय झालं कुणास ठाऊक, मी त्या खुर्चीत रडायला लागले. मी! बाबा गेले तेव्हा न रडलेली, अख्ख्या डेपोला शिव्या घालणारी मी.

आता तुला सांगते, आणि घाईघाईनं सांगते, कारण थांबले तर फाडून टाकेन. पावणेदोन वर्षांपूर्वी चाकाखाली काहीतरी धप्पकन आलं. उतरून पाहिलं तर रिकामी गोणी. हसून परत चढले. पण घरी गेल्यावर वाटलं, गोणीखाली कुणी असेल तर? परत गेले, पाहिलं, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका खड्ड्याला तेच. तेव्हापासून प्रत्येक धक्क्याला मला वाटतं की मी कुणालातरी चिरडलं. ड्यूटी संपली की मी मार्गावरून पायी चालत जाते, नऊ किलोमीटर, कडेकडेनं बघत. चाकांवर हात फिरवून हात नाकाशी धरते. पेपरातले अपघात वाचते. कंडक्टरला दर थांब्यावर विचारते, काही लागलं का हो? तो बिचारा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि पुढच्या थांब्यापर्यंतच ते पुरतं. दोनदा प्रवाशांनी भरलेली गाडी मी उलटी फिरवली. त्यानं वर साहेबांना सांगितलं, इंजिन गरम झालं होतं. आत्ता हे लिहिताना मी जी उठले ती आवारात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांखाली बघायला उठले, आणि ती गाडी सकाळपासून हललेली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा एक आजार आहे, त्याला नाव आहे, असे पेशंट त्यांच्याकडे दर आठवड्याला येतात, आणि त्यावर उपचार आहेत. मी म्हटलं, असे म्हणजे बसनं माणसं मारणारे? त्या म्हणाल्या, न मारणारे.

हे तुला नवीन नाही, आणि हेच लिहायला मला सगळ्यात जड जातंय. दीड वर्षापूर्वी तुझ्याकडे जेवायला आले होते, तुझे सासू-सासरे होते. मी तीनदा खाली जाऊन स्कूटरची चाकं बघून आले. चौथ्यांदा निघाले तेव्हा तू मला स्वयंपाकघरात अडवलंस आणि हळूच म्हणालास, ताई, कुणालातरी दाखवू या, मी येतो बरोबर. एवढंच बोललास. आणि मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर काय म्हटलं? काचा घासणाऱ्यानं काचा घासाव्यात, माझ्या डोक्यात बोट घालू नये, वेड्यांच्या डॉक्टरकडे तूच जा. सगळे हसले. तूही हसलास, आणि पाण्याचे पेले भरायला गेलास. मग तुझ्यावर वेळ आली तेव्हा तू कुठे जाणार होतास रे? माझ्याकडे येऊन काय सांगणार होतास? तो रस्ता मीच दगड टाकून बंद केला होता. माफ कर मला. हे मी दाराबाहेर बसून म्हणायला आले होते आणि दीड तास पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत बसले.

पुढचं पटकन सांगते, साडेतीन वाजून गेलेत. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्यात आणि सध्या गाडी चालवू नका म्हणाल्या. मी तणतणत बाहेर पडले, यांना काय जातंय बोलायला. मग खाली स्कूटरपाशी अर्धा तास उभी राहिले. आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर गाडीची किल्ली ठेवून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं घरी पाठवतील. त्यानं खाली मान घालून फक्त विचारलं की तिथे मंगळवारीपण असतं का. आता मी वेळा टिपायच्या केबिनमध्ये बसते, गाड्या आल्या, गाड्या गेल्या. परत स्टिअरिंग मिळेल की नाही ते कुणी सांगत नाही. त्याचा त्रास होतो. खूप होतो.

आणि एक, शुक्रवार तुला लांब वाटला, ते वाक्य परत डोक्यात यायला लागलं, तर कुणाची वाट बघायची नाही. त्याच इस्पितळाची कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते, तिथे आधी आत घेतात आणि पेपर मागून काढतात, मी विचारून आलेय. मास्तरणीला फुकट हेल्पलाइनचा नंबरही लिहून दिलाय. मी स्वतः लावून बघितला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा एका बाईंनी उचलला. माझ्या तोंडून शब्द फुटेना तर त्याही घाई न करता थांबल्या, अकरा मिनिटं. तुला बोलायचं नसेल तरी चालतं तिथे.

आता हे पत्र का लिहिलं ते. मास्तरीण म्हणेल ही ताईची युक्ती आहे, आणि अर्धी आहेच. उरलेली अर्धी अशी. गाडी चालवायची नाही म्हणून स्कूटरही बंद ठेवलीय. मी प्रवासी म्हणून बसमध्ये बसले तरी धक्का बसला की उतरून मागे जाते. गेल्या शुक्रवारी दोनदा उतरले, पोचेपर्यंत खिडकी बंद झाली होती, आणि माझा दिवस गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात की घरातलं माणूस आणा. काही लागलं का असं मी विचारलं की नाही नाही म्हणून समजूत घालणारं नको, माहीत नाही म्हणून शेजारी बसून राहणारं हवं. सगळ्यांना माझी समजूत घालायची घाई असते. खरं तेच बोलून गप्प बसू शकणारा माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. दीड वर्षापूर्वी म्हणाला होतास ना, मी येतो बरोबर? मग चल. मला ने. तुला कुणी पेशंट म्हणणार नाही, त्या खोलीत दोन खुर्च्या असतात, तू दुसरीत बस. तिथे बसल्यावर तुला काही बोलावंसं वाटलं तर बोल, तुझा पेपर काढायला खिडकी अकरापर्यंत उघडी असते, मी लावीन रांग. नाही वाटलं तर मला घेऊन परत ये. आंघोळ केली नाहीस तरी चालेल. चष्मा मात्र लाव, बसचा नंबर तुला वाचायचाय. मी चालत तुझ्या दाराशी येईन, चालताना मला काही होत नाही. सातचाळीसची बस आहे. आत्ता बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फोन उशीखालून काढ आणि मला रिंग दे. एक दिलीस तर मी थांबेन, पुढच्या शुक्रवारी परत विचारेन, सुटका नाही. दोन दिल्यास तर निघेन. हे पत्र मी परत वाचणार नाहीये, तोही डॉक्टरीणबाईंनी दिलेला अभ्यास आहे, तेव्हा काय चुकलं असेल ते असू दे. मास्तरीण फाटकाशी आली, मला दिसतेय. पाकीट चिकटवते आणि फोन मांडीवर घेऊन बसते. तू चमचा लपवू नकोस रे.

तुझीच,
ताई